कपाटाच्या दारावरची यादी

माझ्या मुलीच्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूनं, दहा नावं पेन्सिलनं लिहिलेली असायची. ती आठवीत होती तेव्हाची गोष्ट. नावं अमेरिकेतल्या मुलींची, तिथल्या कॉलेजांच्या बास्केटबॉल संघांत पॉइंट गार्ड म्हणून खेळणाऱ्या. एक नंबरपासून दहा नंबरपर्यंत. दर शनिवारी दुपारी ती खोडरबर घेऊन कपाटापुढं उभी राहायची. मग एखादं नाव सातावरून पाचावर जायचं, एखादं खाली यायचं, एखादं दारावरून कायमचं उतरायचं. पेन्सिलची अट माझ्या बायकोची. भाड्याच्या घरातल्या कपाटावर पेन चालवलेलं तिला खपलं नसतं.

आम्ही तेव्हा मस्कतला, अल् खुवैरमध्ये राहत होतो. मी एका बांधकाम कंपनीत क्वालिटी इंजिनिअर होतो. काँक्रीटचे क्यूब ओतून घ्यायचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे, मशीनखाली दाबून फोडायचे आणि पास की नापास ते लिहायचं. हे काम मला आवडायचं, कारण क्यूब पास होतो किंवा नापास होतो, पहिला-दुसरा येत नाही. माणसांचे नंबर लावणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. त्या वर्षी तेलाचे भाव पडायला लागले होते आणि ऑफिसात कोण राहणार, कोण जाणार याच्या याद्या बनत असल्याची कुजबुज होती, त्यामुळे तर जास्तच.

असं असूनही एक गोष्ट मी घरात शंभर वेळा सांगितलेली होती. इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला कॉलेजच्या बोर्डावर जी यादी लागली, तिच्यात तुझ्या बापाचं नाव पहिलं होतं. मुलगी लहान असताना हे ऐकून टाळ्या वाजवायची. आठवीत आल्यावर "हो पप्पा, माहितीये," एवढंच म्हणायची, आणि बायको भाजी परतता परतता माझ्याकडे न बघता हसायची.

अमेरिकेत गुरुवारची रात्र असते तेव्हा आमच्याकडे शुक्रवारची सकाळ झालेली असते, आणि शुक्रवार म्हणजे सुट्टी. आठवडाभर शाळेसाठी तीन हाका माराव्या लागणारी ही पोरगी शुक्रवारी सहाला आपण होऊन उठायची आणि लॅपटॉप लावून बसायची. चित्र अडकायचं, गोल फिरत राहायचं, मग एकदम पुढं उडी मारायचं. मी चहा घेऊन शेजारी बसायला लागलो ते निव्वळ तिची थट्टा करायला. कुठल्या कोण पोरी, त्यांचं कॉलेज कुठं, तुझं अल् खुवैर कुठं, त्यांना ठाऊक तरी आहे का तू त्यांचे नंबर लावतेस ते, असं माझं चालू असायचं.

तिच्या यादीतली एक नंबरची मुलगी बुटकी होती. फार गोलही करायची नाही. मला तिचा पहिला नंबर कळेना. मी पडलो इंजिनिअर, मी आकडे काढले आणि म्हणालो की तुझी तीन नंबरवाली हिच्या दुप्पट गोल करते, तेव्हा यादी चूक आहे. ती खेकसली नाही. तिचं मराठी अडखळत चालतं, म्हणून तिला बोलायला वेळ लागतो.

"पप्पा, पॉइंट्स नका बघू," ती म्हणाली. "बॉल सोडायच्या आधी ती कुठे बघते, फक्त ते बघा."

मी पाहिलं. पहिल्या शुक्रवारी काही दिसलं नाही. दुसऱ्या शुक्रवारीही नाही. तिसऱ्या शुक्रवारी त्या बुटक्या मुलीनं चेंडू अशा कोपऱ्यात फेकला की तिथं कुणीच नव्हतं. मी म्हणालो, गेला. आणि मी बोलतोय तोवर एक उंच मुलगी मागून धावत येऊन नेमकी त्या कोपऱ्यात पोचली, चेंडू तिच्या हातात होता. फेकणारीनं तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. ती येणार हे त्या उंच मुलीला स्वतःला कळायच्या आधी हिला कळलं होतं. माझा चहा निवून गेला. मी तेवढा तुकडा पुन्हा लाव म्हटलं, मग पुन्हा, मग अजून एकदा. पोरगी माझ्याकडे बघून हसत होती.

मग तिनं मला सगळं समजावलं. पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू पुढं आणणारी आणि तो कुणाला द्यायचा हे ठरवणारी. मला आमच्या वस्तीतली जयंतीची पंगत आठवली. तिथं माझी आई वाढायची. कुणी मागायच्या आत तिला कळायचं कुणाचं पान रिकामं होतंय, कोण लाजून गप्प बसलाय, आणि वरण वाढताना तिची नजर पुढच्या तिसऱ्या पानावर असायची. मी हे सांगितल्यावर पोरगी म्हणाली, "एक्झॅक्टली," आणि मला फार मोठं बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

तिच्या यादीचे नियम कडक होते. एका सामन्यावरून नंबर बदलायचा नाही. आवडती आहे म्हणून वर ठेवायची नाही. आणि एक नियम तिनं स्वतः शोधला होता. सोबतिणीच्या हातून चेंडू सुटला, तर पॉइंट गार्ड पहिल्यांदा कुणाकडे बघते? फळ्यावरच्या गुणांकडे, कोचकडे, की त्या सोबतिणीकडे? चौदा वर्षांची मुलगी हे बघत होती. मी वीस वर्षं साइटवर माणसांबरोबर काम करत होतो आणि हे कधी बघितलं नव्हतं.

ती स्वतःही शाळेच्या संघात पॉइंट गार्ड खेळायची. त्या वर्षी दुबईला आखातातल्या शाळांची स्पर्धा होती. बारा मुली जायच्या होत्या, अकरा ठरल्या होत्या. उरलेली एक जागा पॉइंट गार्डची, आणि तिच्यासाठी दोघीजणी. एक आमची, दुसरी तिची मैत्रीण.

ही मैत्रीण मस्कतमधल्याच दार्सैतची. मूळ रत्नागिरीकडचं मुसलमान कुटुंब, वडील मत्रहच्या बाजारात कापडाच्या दुकानात. सरावानंतर बऱ्याचदा मीच दोघींना गाडीत घेऊन यायचो, आणि मैत्रिणीला दार्सैतला सोडून मग घरी. आमची मागच्या सीटवर इंग्रजीत पुटपुटायची आणि ती पुढं बसून माझ्याशी कोकणी मराठीत अखंड गप्पा मारायची. घरात माझ्याशी इतकं मराठी कुणी बोलत नसे, तेव्हा तिचा मला लळा लागला होता हे कबूल करतो. तिच्या वडिलांची एकदा शाळेच्या फाटकाशी गाठ पडली. भला माणूस. हसून म्हणाले, "माज्या पोरीला लिवायला काय जमाचा नाय. खेलायला सांगा, दिवसभर खेलंल."

लिहिण्याचा विषय निघाला त्याला कारण होतं. पी.टी.चे सर केरळचे, आणि त्यांची एक पद्धत होती. निवडीच्या आधी ते त्या जागेसाठीच्या मुलींकडून एकेक कागद मागायचे. एक नंबर कोण, दोन नंबर कोण, आणि का. निवड ते आपल्या डोळ्यांनीच करत, पण कागद वाचत. जिला दुसरीचा खेळ दिसत नाही ती संघ काय चालवणार, असं त्यांचं म्हणणं. कागद रविवारी द्यायचा होता. निवड बुधवारी.

त्या आठवड्यात मी ऑफिसातून लवकर सुटून सरावाला जाऊन बसलो. तपासणीची सवय, त्यामुळे वहीत दोन रकाने आखले आणि दोघींचा खेळ टिपत गेलो. आमची चांगली खेळत होती. चेंडू सहसा हरवायची नाही, पासही अचूक. पण द्यायच्या आधी एक क्षण थांबायची, विचार करायची. मैत्रीण थांबत नव्हती. चेंडू हातात यायच्या आधीच तिला माहीत असायचं तो कुठं जाणार. एका मुलीनं तिचा सोपा पास सोडला, तर ही पळत पळत तिच्या पाठीवर थाप मारून गेली. अर्ध्या तासात माझे रकाने भरले. मी वही मिटली आणि गाडीत जाऊन बसलो. मला दिसायचं ते दिसलं होतं, आणि ते मला नको होतं.

शनिवारी दुपारी ती कपाटापुढं उभी होती. यादीचं काम आटोपलं, मग टेबलावर कोरा कागद घेऊन बसली. बराच वेळ काही लिहिलं नाही. मी आत जाऊन म्हणालो की यात विचार कसला करायचा, एक नंबरला स्वतःचं नाव लिही.

ती म्हणाली, "पण ती बेटर आहे ना, पप्पा."

मी म्हणालो असं काही नाही. म्हणजे मी खोटं बोललो, आणि खोटं बोललो की माझा आवाज चढतो. मी म्हणालो, जगात कुणी स्वतःला दुसरा नंबर देत नाही. आमच्या ऑफिसात दरवर्षी स्वतःचं मूल्यमापन लिहायचा फॉर्म असतो, त्यात झोपा काढणारेसुद्धा स्वतःला पैकीच्या पैकी देतात. ती मान खाली घालून बसली. तेव्हा मी तिला पटवून द्यायला एक गोष्ट सांगायला घेतली, जी बायकोलाही पुरती ठाऊक नव्हती.

बोर्डावर याद्या दोन होत्या. एक खुली, नव्वद नावांची. तिच्याशेजारी राखीव जागांची, तेवीस नावांची. मी पहिला होतो तो या दुसऱ्या यादीत. माझे वडील माझ्याबरोबर आले होते. आपल्या पोराचं नाव सगळ्यांत वर बघून ते बोर्डापुढं उभे राहून रडले. मला पण आनंद झाला. मग माझं लक्ष शेजारच्या यादीकडे गेलं, नावांपुढं मार्क लिहिलेले होते. मी बोट ठेवत खाली जाऊ लागलो. माझे मार्क त्या यादीतल्या निम्म्याहून जास्त मुलांपेक्षा अधिक होते. नियमानं माझं नाव तिथं हवं होतं. मी खिडकीवर जाऊन विचारलं. कारकुनानं मान वर न करता सांगितलं की प्रवेश मिळालाय ना, मग कुठल्या का यादीत असेना, तुला काय फरक पडतो. वडील मागं पेढे आणायची भाषा करत होते. मी परत आलो.

पुढं चार वर्षं कुणी ना कुणी विचारायचा, तू कुठल्या यादीतला. हे सांगताना मी खिडकीबाहेर बघत राहिलो. म्हणून सांगतो, मी म्हणालो, दुसऱ्यांच्या हातात पेन असलं की ते आपल्याला हवं तिथं लिहितात. आज पेन तुझ्या हातात आहे. स्वतःला वर लिही.

ती ऐकत होती. मला वाटलं, पटलं. मग तिनं विचारलं, "तुम्ही राँग लिस्टमध्ये होतात, तर तुमच्यामुळे कोणी आऊट झालं का?"

पंचवीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी स्वतःला विचारला होता, आणि दर वेळी दुसऱ्या कामाला लागलो होतो. आमच्या वस्तीतला माझा मित्र राखीव जागांच्या प्रतीक्षा यादीत पहिला होता, हे मी तिला सांगितलं. आम्ही दोघं एकाच कंदिलाशी अभ्यास केलेले. माझं नाव खुल्या यादीत गेलं असतं, तर इकडं तेविसावी जागा त्याला मिळाली असती. एक जागा. त्याचं कॉलेज राहिलं. पुढं तो तालुक्याला वायरमन झाला. चांगला आहे, सुखात आहे, असं मी घाईघाईनं जोडलं.

"त्यांना माहितीये?"

मी नाही म्हणालो. ती कागदाकडे वळली. मी बाहेर येऊन टीव्ही लावला.

बुधवारी मी मैदानावर पोचलो तेव्हा निवड झालेली होती. मैत्रिणीला मुलींनी घेरलं होतं. आमची पाण्याची बाटली घेऊन बाकावर बसली होती, रडलेली दिसत होती. माझ्या अंगाची आग झाली. मी तडक सरांकडे गेलो आणि हिंदीत बोलायला सुरुवात केली की माझ्या मुलीवर अन्याय झालाय. सरांनी ऐकून घेतलं. मग खिशातून दोन कागद काढून माझ्या हातात दिले.

मैत्रिणीच्या कागदावर इंग्रजीत एकच ओळ होती: एक नंबर मी, कारण मी जास्त पळते. माझ्या मुलीचा कागद पानभर होता. एक नंबरला मैत्रीण, दोन नंबरला स्वतः. खाली कारणं. ती चेंडू यायच्या आधी बघते, मी आल्यावर बघते. ती चुकलेल्या मुलीकडे जाते, मी आधी फळ्याकडे बघते, मी सुधारायचा प्रयत्न करतेय. माझ्या वहीतल्या रकान्यांत जे होतं ते सगळं, आणि मला न दिसलेलंही. शेवटी लिहिलं होतं की मी स्वतःला पहिलं लिहू शकते, पण मग ती बाहेर राहील आणि का राहिली हे तिला कधीच कळणार नाही.

सर म्हणाले की निवड मी खेळ बघूनच केली, कागदावरून नाही, पण असा कागद या शाळेत मला पहिल्यांदाच मिळालाय. मला त्यांच्याकडे बघवेना. मी माझ्या लेकीला बापाची दुखरी जागा उघडून दाखवली होती, तिनं माझ्यासारखं व्हावं म्हणून. तिनं तीच जागा बघितली आणि माझ्या मित्राची बाजू घेतली. एवढं मोठं काळीज या पोरीनं कुठून आणलं, मला आजही सांगता येणार नाही. माझ्याकडून तर नाही.

गाडीत दोघी मागं बसल्या. आमचीनं मैत्रिणीला दुबईला कुठले बूट घालायचे ते सांगितलं, आपले नीकॅप देते म्हणाली. मैत्रीण दार्सैतला उतरली. शेवटी मी म्हणालो, तिनं तर स्वतःलाच पहिलं लिहिलं होतं, तू वाचलंस का.

"बरोबर आहे ना तिचं," ती म्हणाली. "ती फर्स्टच आहे."

घरी आल्यावर ती जेवली, अंघोळ केली, आणि मला हाक मारली. कपाटाचं दार उघडं होतं. दहा नावांच्या खाली जागा होती, तिथं तिनं पट्टीनं दोन रकाने आखले होते.

"तुमचा खरा नंबर किती होता, पप्पा? त्या पहिल्या लिस्टमध्ये?"

मला आठवावं लागलं नाही. त्या दिवशी बोर्डापुढं बोट ठेवून मी मोजलं होतं, आणि तो आकडा त्यानंतर एकदाही तोंडातून काढला नव्हता. घरात सांगत आलो होतो पहिला, पहिला.

"एकोणचाळीस," मी म्हणालो.

तिनं डावीकडच्या रकान्यात एकोणचाळीस लिहिलं आणि पुढं पप्पा. चांगला नंबर आहे असं काही म्हणाली नाही, वाईट आहे असंही नाही. मग उजव्या रकान्यात एकपासून तेवीसपर्यंत आकडे घातले. एकापुढं पप्पा लिहिलं, रबर घेतलं आणि ते खोडलं. दोनावरचा एकावर, तीनावरचा दोनावर, असे बाण काढत ती खाली आली. बायको दारात येऊन उभी राहिली होती. पेन्सिल तेविसाच्या आकड्यापुढं थांबली. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि मित्राचं नाव विचारलं.

मी सांगितलं, आडनावासकट. तिला नीट कळलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. लिहून झाल्यावर तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि माझा फोन आणून माझ्या हातात दिला.